बर्फाने भाजलेला हात

बर्फाने हात भाजतो असं मी म्हटलं की धाकटा नातू हसतो. "आबा काहीही सांगतात!" थोरली नात हसत नाही, ती पुरावा मागते. तर घ्या पुरावा. त्याचं नाव लिलियन गिश. अमेरिकेतली मूकपटांच्या जमान्यातली नटी. तिच्या आयुष्याची गोष्ट सांगता सांगता अर्धं पदार्थविज्ञान शिकवून होतं, म्हणून मला ती फार आवडते.

लिलियनचा जन्म १४ ऑक्टोबर १८९३चा, ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावचा. बापाचं घरात लक्ष नव्हतं, पुढे तो घर सोडूनच गेला. आईच्या पदरात दोन मुली, लिलियन आणि धाकटी डॉरथी. पोटासाठी आई नाटकात शिरली आणि पाठोपाठ मुलीही. आठ-नऊ वर्षांची असताना लिलियन रंगमंचावर उभी होती. आगगाडीचे डबे, स्वस्तातल्या खोल्या, आज या गावी प्रयोग तर उद्या त्या गावी. शाळा अशी तिची धड झालीच नाही.

१९१२ साली या दोघी बहिणी न्यूयॉर्कला बायोग्राफ कंपनीत आपल्या एका मैत्रिणीला भेटायला गेल्या. नाटकाच्या दिवसांत तिला ग्लॅडिस स्मिथ म्हणून ओळखायच्या. तिथे कळलं की ती आता मेरी पिकफर्ड झाली आहे आणि सिनेमात काम करते. मेरीने दोघींची गाठ दिग्दर्शक ग्रिफिथशी घालून दिली. ग्रिफिथला दोघींतली कुठली कोण ते कळेना. त्याने लिलियनच्या केसांत निळी रिबीन बांधायला लावली, डॉरथीच्या केसांत लाल. मग तालमीत नावांऐवजी "ए निळे, ए लाल" असा कारभार सुरू झाला. मुली घाबरलेल्या दिसाव्यात म्हणून या गृहस्थाने पिस्तूल काढलं आणि खोलीभर त्यांच्यामागे धावत छताकडे बार काढले! ही हकीकत लिलियनने स्वतःच सांगून ठेवली आहे. आजच्या काळात असल्या दिग्दर्शकाला पोलिसांनी धरून नेलं असतं.

आता थोरलीला मी विचारलं, की त्या रिबिनींसकट चित्रण झालं असतं तर पडद्यावर त्या कशा दिसल्या असत्या? ती म्हणाली, "काळ्यापांढऱ्या सिनेमात दोन्ही करड्या." नाही बाई. निळी जवळजवळ पांढरी दिसली असती आणि लाल चक्क काळी.

कारण त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि पुढे रसायनात बुडवल्यावर तिथे चांदीचे काळे कण उरतात. पण स्फटिकाला जागं करायला प्रकाशाच्या कणात जोर लागतो. जांभळ्या-निळ्या प्रकाशाच्या कणात तो असतो, लाल कणात नसतो. हर्मान फोगेल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ साली शोधून काढलं, की स्फटिकांना योग्य रंगद्रव्य पाजलं तर त्यांना हिरवंही दिसू लागतं. लाल मात्र मूकपटांच्या बऱ्याच काळापर्यंत अंधारातच राहिला. म्हणूनच फोटो धुण्याच्या खोलीत लाल दिवा चालायचा, फिल्मच्या दृष्टीने तो काळोखच.

याचा ताप नटनट्यांना. लाल ओठ काळेठिक्कर दिसत, निळे डोळे पांढुरके, भुतासारखे. गालावरची लाली म्हणजे गालावर काजळी. मग चेहऱ्याला भलतेच रंग फासायचे, म्हणजे पडद्यावर माणूस माणसासारखा दिसायचा. ग्रिफिथकडे हेन्ड्रिक सार्टोव्ह नावाचा छायाचित्रकार होता. त्याने मृदू भिंगाने लिलियनचा चेहरा असा काही टिपला, की ते तेज पाहून लोक चकित झाले.

आणखी एक गंमत सांगतो. ते चांदीचे स्फटिक फिल्मला चिकटून राहतात जिलेटिनमुळे. जिलेटिन कशाचं? गुरांच्या कातड्याहाडांचं. एका जिलेटिनची फिल्म चपळ निघे आणि दुसऱ्याची मंद, आणि का ते कुणालाच उमगत नव्हतं. कोडॅक कंपनीच्या सॅम्युएल शेपर्डने १९२०च्या दशकात छडा लावला. जिलेटिनमध्ये गंधकाची अगदी किंचित संयुगं असतील तर स्फटिक जास्त जागे राहतात, आणि ती संयुगं येतात गुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यातून! म्हणजे गाईंना मोहरीचा पाला आवडला नसता तर सिनेमा इतका उजळ दिसलाच नसता. फोडणीत तडतडते तीच ही मोहरी, हे ऐकून आमच्या स्वयंपाकघरातूनही एक "हं" ऐकू आलं.

१९१९ साली 'ब्रोकन ब्लॉसम्स' आला. लंडनच्या लाइमहाउस वस्तीतली मार खाणारी एक पोर, बाप मुष्टियोद्धा आणि दारुडा. लिलियन तेव्हा पंचविशीची, पण पडद्यावर दिसते ती कोवळी, भेदरलेली लूसी. बाप दरडावतो, "हास!" तिला हसू येत नाही. मग ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलून हसू तयार करते. ही बोटांची कल्पना तिचीच. मूकपटात एकही शब्द नसताना या एका खुणेने प्रेक्षकांच्या घशात आवंढा आणला.

ते हसू इतकं भयंकर का वाटतं माहीत आहे? फ्रान्समध्ये द्युशेन नावाचा डॉक्टर होता. तो लोकांच्या चेहऱ्याला विजेचे सौम्य धक्के देऊन कुठला स्नायू काय करतो ते बघायचा. १८६२ साली त्याने लिहून ठेवलं, की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या ताब्यात असतो, पण डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू आनंद झाल्याखेरीज सहसा साथ देत नाही. खरं हसू डोळ्यांच्या कडांना पडणाऱ्या सुरकुत्यांत असतं. लिलियनच्या लूसीचे ओठ हसतात आणि डोळे तसेच घाबरलेले राहतात. तिने द्युशेन वाचला होता का, हा प्रश्नच नको. नटाला हे आरशासमोर कळतं, शास्त्रज्ञाला विजेची तार लागते. धाकट्याने लगेच आरशासमोर जाऊन दोन बोटांचा प्रयोग केला आणि स्वतःच दचकून परत आला.

आता बर्फ.

१९२०च्या हिवाळ्यात ग्रिफिथने 'वे डाउन ईस्ट' करायला घेतला. फसवली गेलेली, घराबाहेर काढलेली नायिका अॅना हिमवादळात भटकते, गोठलेल्या नदीवर बेशुद्ध पडते, बर्फ फुटतो आणि लादी तिच्यासकट वाहू लागते. नायक एका लादीवरून दुसरीवर उड्या मारत तिला गाठतो. कथानक म्हणाल तर आपल्या जुन्या संगीत नाटकालाही लाजवील इतकं रडकं. पण हा शेवटचा भाग लोकांनी श्वास रोखून पाहिला, कारण तो बराचसा खरा होता. व्हरमाँट राज्यात व्हाइट रिव्हर जंक्शन म्हणून ठिकाण आहे, तिथल्या खऱ्या नदीवर, खऱ्या बर्फावर, खऱ्या नटीला निजवून केलेला.

आधी विचार करा, नदीवर बर्फ तरंगतोच कसा? बाकी बहुतेक पदार्थ गोठले की आक्रसतात, जड होतात आणि बुडतात. पाणी विक्षिप्त आहे. ते थंड होताना चार अंश सेल्सियसपर्यंत शहाण्यासारखं आक्रसतं, मग उलटं फुगू लागतं. गोठताना त्याचे रेणू हात लांब करून षटकोनी रचनेत उभे राहतात, मधे मोकळी जागा सुटते आणि आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं. म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका. नदी वरून गोठते, खाली पाणी वाहतं राहतं आणि मासे जगतात. पाण्याने इतरांसारखं वागायचं ठरवलं असतं तर नदी तळापासून गोठली असती, आणि ग्रिफिथला नायिका कशावर निजवायची हा प्रश्न पडला असता.

बर्फ फूटभरापेक्षा जाड होता. करवतीने कापून, सुरुंग लावून त्याच्या लाद्या सुट्या केल्या. थंडी इतकी, की कॅमेऱ्यातलं वंगण गोठू नये म्हणून त्याच्याखाली छोटी शेकोटी पेटवून ठेवावी लागे. पारा शून्य फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे आपल्या मापाने उणे अठरा. आणि लिलियन त्या लादीवर पातळ कपड्यांत आडवी. दिवसाला वीस-वीस वेळा, तीन आठवडे, असं तिने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. वर तिलाच एक कल्पना सुचली. बेशुद्ध बाईचा हात आणि केस लादीवरून पाण्यात लोंबत असले तर दृश्य किती खरं वाटेल! ग्रिफिथला कल्पना पसंत पडली, पडणारच, हात त्याचा थोडाच होता.

केस गोठले. हाताला वाटलं, आपण जाळात धरले गेलो आहोत. तो हात त्यानंतर आयुष्यभर थंडीत ठणकत राहिला.

थोरलीने इथे मला पकडलं. "आबा, पाणी वाहत होतं म्हणजे ते शून्य अंशाच्या खाली नव्हतं. हवा उणे अठरा. मग पाणी हवेपेक्षा गरमच की! हात पाण्यात सुखी असायला हवा."

शाबास. प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं, की आपल्या कातडीला तापमानापेक्षा जास्त कळतं ते उष्णता किती वेगाने जाते आहे हे. स्थिर हवेच्या मानाने पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट भराभर वाहून नेतं, त्यातून ते वाहतं पाणी. हाताने गरम केलेलं पाणी पुढे निघून जातं आणि नवं गार पाणी हजर होतं. नदीचं पोट कधी भरतच नाही.

मग शरीर काय करतं? बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. हृदय, मेंदू, यकृत ऊबदार राहिले पाहिजेत, बोटं गेली तरी चालेल, असा त्याचा रोखठोक हिशेब. काही मिनिटांनी त्या वाहिन्या थोड्या उघडतात, बोटांना जरा रक्त मिळतं, पुन्हा मिटतात. टॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टराने १९३०मध्ये याचं वर्णन केलं. रोज असं होत राहिलं तर सगळ्यात आधी दुखावतात त्या बारीक नसा, आणि दुखावलेली नस थंडी विसरत नाही.

आणि जाळ का वाटावा? कातडीत संवेदनांची वेगवेगळी दारं असतात. एक दार साधारण ४३ अंशांच्या वर उघडतं आणि मेंदूला "पोळलं" असं कळवतं. गंमत म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही तेच दार उघडतं, म्हणून ठेचा खाल्ल्यावर जीभ भाजली असं वाटतं, जरी ठेचा गार असला तरी. गारव्याचं दार वेगळं, ते पुदिन्यातल्या मेंथॉलनेही उघडतं. ही दारं शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर. पण थंडी फारच वाढली की ती नुसती थंडी राहत नाही. इजेची बोंब मारणाऱ्या नसा जाग्या होतात, आणि पोळल्यावर बोंब मारणाऱ्यांतल्याच काही त्यात असतात. मेंदूपर्यंत "मेलो, मेलो" एवढाच निरोप पोचतो. मिळाला पुरावा? धाकटा आता हसत नव्हता.

आता दुसरं टोक. १९२५मध्ये डॉरथी स्कारबरोची 'द विंड' ही कादंबरी आली. वाऱ्याच्या आणि धुळीच्या प्रदेशात येऊन पडलेल्या, वाऱ्याने वेड लागायची पाळी आलेल्या एका मुलीची गोष्ट. लिलियन आता एमजीएम कंपनीत होती आणि तिचा शब्द चालत होता. ही गोष्ट तिने निवडली, दिग्दर्शक म्हणून स्वीडनचा व्हिक्टर श्योस्त्रोम तिने मागितला, नायक लार्स हॅन्सनही. १९२७मध्ये सगळी मंडळी कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटात गेली.

हे वाळवंट का झालं ते आपल्याला सांगायला नको. महाबळेश्वरला ढग रिते होतात आणि पलीकडे माण-खटाव कोरडे राहतात, तसंच तिथे. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेव्हाडाचे डोंगर चढताना पाणी सांडून टाकतात, पलीकडे उतरणारी हवा कोरडी आणि तापलेली.

वाळूचं वादळ उठवायला त्यांनी विमानांची आठ इंजिनं आणली. वाळूचा कण वाऱ्याने उचलला जातो तो फार उंच जात नाही. उडी मारतो, खाली आपटतो, आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज लष्करी इंजिनियरने हे लिबियाच्या वाळवंटात आणि मग प्रयोगशाळेत तपासून १९४१मध्ये पुस्तकात मांडलं. बहुतेक वाळू जमिनीलगतच पळते. चेहऱ्याच्या उंचीवर दाट वादळ हवं तर इंजिनं हवीत, वर लाकडाचा हलका भुसा आणि गंधकाचा धूर. कामगारांनी गॉगल लावले होते, तोंडाला रुमाल बांधले होते. लिलियनला कॅमेऱ्यासमोर यातलं काहीच चालणार नव्हतं. या सगळ्या चित्रणात डोळे शाबूत राहिले, हेच नवल.

पारा १२० फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४९ सेल्सियस. फिल्मवरचं ते मोहरीवाल्या गाईंचं जिलेटिन मऊ पडून सेल्युलॉइडवरून सुटायला लागलं. शेवटी फिल्म गोठवून ठेवायची आणि तशीच घाईने कंपनीच्या कल्व्हर सिटीतल्या प्रयोगशाळेत न्यायची, असं करावं लागलं. व्हरमाँटमध्ये कॅमेऱ्याला शेकोटी आणि इथे फिल्मला बर्फ, माणसांची मात्र दोन्हीकडे काही सोय नाही! एके दिवशी लिलियनने उन्हात तापलेल्या दाराच्या मुठीला हात लावला आणि तळव्याची कातडी तिथेच राहिली. शेजारचं लाकूड त्याच उन्हात होतं. ते चटका देतं, पण असं सोलून काढत नाही. धातूमधून उष्णता भराभर धावते. तुम्ही स्पर्श केलेल्या जागची उष्णता हातात गेली की आतली लगेच तिची जागा घेते. लाकडाचं तसं नसतं, वरचा थर रिता झाला की आतून यायला वेळ लागतो. नदीने हातातून उष्णता जशी पळवली, तशीच धातूने ती हातात कोंबली. नियम एकच, दिशा उलटी.

'द विंड' नोव्हेंबर १९२८मध्ये लागला तोवर सिनेमा बोलायला लागून वर्ष झालं होतं. लोकांना आता बोलपट हवे होते, चित्रपट पडला. आज जाणकार त्याला मूकपटांतल्या उत्तमांपैकी एक मानतात. माझंही मत तेच, 'वे डाउन ईस्ट'पेक्षा तो कितीतरी सरस.

मग काय, लिलियन संपली? छे! ती नाटकात परतली. १९३६मध्ये न्यूयॉर्कला जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ती ऑफेलिया होती. १९५५च्या 'द नाइट ऑफ द हंटर'मध्ये मांडीवर बंदूक घेऊन पोरांची राखण करणारी म्हातारी तीच. १९७१मध्ये तिला मानद ऑस्कर मिळालं. 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट' १९८७मध्ये आला तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती. २७ फेब्रुवारी १९९३ला गेली, शंभरीला काही महिने कमी.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. १९१५च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये तिची मोठी भूमिका होती. तंत्र थक्क करणारं, पण त्यात काळ्या लोकांना राक्षस ठरवून कू क्लक्स क्लानच्या मुखवटेधारी गुंडांना वीर केलं आहे. त्यापायी २०१९ साली ओहायोतल्या एका विद्यापीठाने आपल्या चित्रपटगृहावरून गिश बहिणींचं नाव काढलं. कलाकार मोठा म्हणून त्याच्या हातून झालेलं सगळं मोठं, असं मी तरी नातवंडांना शिकवत नाही.

जाता जाता त्या फिल्मविषयी. मूकपटांची फिल्म कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून केलेल्या पदार्थाची असे. तोफेच्या दारूची ही सख्खी बहीण. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. पेटली नाही तरी हळूहळू स्वतःच सडते, चिकट होते, शेवटी तिची पूड होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३मध्ये हिशेब काढला. १९१२ ते १९२९मध्ये तिथे सुमारे अकरा हजार मोठे मूकपट निघाले, त्यातले मूळ रूपात पूर्ण शिल्लक फक्त १४ टक्के. लिलियनने आयुष्यात एकच चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, १९२०चा 'रीमॉडेलिंग हर हजबंड'. नायिका डॉरथी. तो गेला, एकही प्रत उरली नाही. म्हातारपणी ही बाई जुन्या फिल्म वाचवा म्हणून सांगत हिंडली, त्यात नवल नाही.

आपल्याकडचं चित्र याहून वाईट. फाळक्यांनी १९१३च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना पडद्यावर आणलं. आपल्या सिनेमातल्या त्या पहिल्या नट्या, पण हा चित्रपट आज पाहायला मिळत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, उरले ते मोजके. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून आणखी कित्येक गेले. तेव्हा तुमच्या वाड्याच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या फिल्मचा पत्र्याचा डबा सापडला तर तो दिव्याशी किंवा गॅसशी नेऊ नका, उन्हात ठेवू नका, प्रोजेक्टरवर लावून बघू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.